‘बरं आहे’ म्हणायला बंदी

आमच्या मॅडमच्या दवाखान्यात ‘बरं आहे’ म्हणायला बंदी होती. नुसती तोंडी नाही, पाटीच लावलेली होती. चपलांच्या मांडणीच्या वर, निळ्या पत्र्यावर पांढऱ्या अक्षरांत: ‘येथे बरं आहे असे म्हणू नये.’ पहिल्यांदा येणारा माणूस ती वाचून हमखास गडबडायचा. एकदा तर एक गृहस्थ बायकोला रिक्षातच बसवून एकटे आत आले आणि मला हळूच म्हणाले, “आमच्या हिला कालपासून जरा उतार पडलाय. तर आणू का आत, की चालणार नाही?”

मॅडम संधिवाताच्या डॉक्टर. नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, तळमजल्यावर त्यांचा दवाखाना. मी तिथे चार वर्षं काम केलं. बी.फार्म झाले होते, औषधाच्या दुकानात बसायचं नव्हतं, आणि ‘संशोधनाच्या कामासाठी मुलगी पाहिजे’ हे कोणीतरी सांगितलं म्हणून गेले. मॅडमनी माझी सर्टिफिकेटं पाहिलीच नाहीत. टेबलावर लोणच्याची बरणी ठेवली, माझ्या हातांत जाड रबरी हातमोजे चढवले, वरून एकेका बोटाला चिकटपट्टी गुंडाळली आणि म्हणाल्या, “उघड.”

मी पाच मिनिटं झटापट केली. बरणी पोटाशी धरली, गुडघ्यांत धरली, शेवटी झाकण दाताकडे न्यायला लागले तेव्हा त्यांनी ती काढून घेतली.

“काय वाटतंय?”

“राग येतोय.”

“कोणाचा?”

“बरणीचा,” मी म्हणाले. मग राहवेना. “आणि तुमचा.”

“उद्यापासून ये,” मॅडम म्हणाल्या. “आधीच्या तिघींना मजा वाटली होती.”

मॅडमचं वय पंचावन्नच्या आसपास. उंच, हाडापेरानं दणकट. अंगावर सुती साडी आणि पायांत कापडी बूट. स्कूटरवरून यायच्या आणि हेल्मेट काढायला विसरायच्या. पहिले दोन-तीन पेशंट हेल्मेटमध्येच तपासून व्हायचे. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं होतं, उपयोग नव्हता. एका म्हाताऱ्या बाई तपासून बाहेर आल्या त्या काळजीतच. माझ्याजवळ वाकून म्हणाल्या, “ताई, हे आमचं दुखणं दुसऱ्याला लागतं का?”

त्यांच्या खोलीत खिडकीखाली एक लांब फळी होती. तिच्यावर कुलूप-किल्ली, पाण्याचा नळ, कुकरचं झाकण, साडीची पिन, फणी, अडकित्ता, परकराची नाडी ओवलेला कापडाचा पट्टा आणि ती लोणच्याची बरणी. या फळीला आम्ही जत्रा म्हणायचो. आलेल्या माणसाला मॅडम जत्रेपुढे उभं करायच्या. “दुखणं मोजता येत नाही,” त्या म्हणायच्या, “दुखण्यानं काय अडलं ते मोजता येतं.” ज्या बाईला बरणी उघडायची तिला एक फोड लोणचं मिळायचं. पुढे पुढे बायका आपापल्या घरचं लोणचं घेऊन यायला लागल्या, आणि दुपारी आमच्या डब्यात कधी कैरीचं, कधी करवंदाचं, कधी भोकराचं लोणचं असायचं. मॅडम एकेका फोडीवर बोट ठेवून सांगायच्या, “हे मखमलाबादचं. हिची मूठ आता मिटते. हे पेठचं. हिनं झाकण सुनेकडून लावून घेतलंय, किती घट्ट आहे बघ.”

कोणी येऊन म्हणालं, “मला वात आहे,” की त्या म्हणायच्या, “वात हे आडनाव झालं. नाव सांगा.” आणि मग ते नाव शोधायला लागायच्या. वाताचे किती प्रकार, आणि प्रत्येकाची खोड निराळी. हाताची बोटं एकेक करून दाबायच्या, आणि बोलायच्या त्या बोटांशी. “काय गं, रुसलीस? कधीपासून?” पेशंटला वाटायचं आपल्यालाच विचारतायत, तो उत्तर द्यायचा, आणि ते उत्तर खरं निघायचं.

रविवार कारंज्याजवळच्या एका दुकानातून त्यांनी दोन पंजांचा रबरी शिक्का करून आणला होता. प्रत्येकाच्या कागदावर तो शिक्का मारायचा, आणि जे सांधे सुजलेत त्यांवर लाल टिंबं काढायची. बायका तो कागद कुंडलीसारखा जपायच्या. दर महिन्याला जुना काढून नव्याशी ताडून बघायच्या. “हे टिंब गेलं बरं का,” असं शेजारणीला सांगताना चेहरा असा व्हायचा, जणू मुलगीच पहिल्या वर्गात पास झाली.

चिडायच्या त्या एकाच गोष्टीवर. कोणी निनावी पुड्या घेत असेल तर. दोन दिवसांत सगळं दुखणं पळतं, आणि वर्षभरात तोंड फुगतं, हाडं पोकळ होतात. “पुडी आहे का पिशवीत? काढा.” आवाज एवढा चढायचा, की बाहेर बसलेल्या चार जणांच्या पिशव्यांतूनही पुड्या बाहेर यायच्या. बाकी निर्गुडीचा पाला, तांब्याचं कडं, गरम वाळूचा शेक, काहीही सांगा, त्या हसायच्या नाहीत. एका जाड वहीत लिहून घ्यायच्या: कोणी सांगितलं, किती दिवस केलं, काय झालं.

दिंडोरीकडचे एक द्राक्षबागायतदार आठवतात. बायकोला घेऊन आले होते. मॅडमनी बाईंना विचारलं, “सकाळी तुम्ही किती वाजता उठता? आणि तुमची बोटं किती वाजता उठतात?” हा त्यांचा ठरलेला प्रश्न. बाईंनी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, “उठते की पाचला. काय नाय, हल्ली जरा आळस करती.”

मॅडमनी वाद घातला नाही. ते जाड हातमोजे काढले आणि नवऱ्याच्या हातांत चढवले. चिकटपट्टीसुद्धा. “शर्टाचं वरचं बटण काढून पुन्हा लावा.”

बटण निघालं. निघालं म्हणजे तुटलं आणि टेबलाखाली गेलं.

“राहू द्या. घरी फोन लावा, उशीर होईल म्हणून सांगा.”

रबरी बोटाला मोबाइल दाद देईना. एका हातातून दुसऱ्या हातात नेताना तो दोनदा पडला. गृहस्थांच्या कपाळावर घाम आला. बाई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. आधी वाटलं रडतायत. पण त्या हसत होत्या. हसत हसतच म्हणाल्या, “आता च्या करा. मग चार भाकरी थापा. मग म्हशीचं बघा.”

मॅडमनी मोजे काढून घेतले. गृहस्थ बायकोचा हात हातात घेऊन नुसता उलटसुलट करून बघत राहिले. पुढच्या महिन्यात आले तेव्हा स्वतःहून सांगितलं, “सकाळचा च्या मी करतो आता. हिला आवडत नाय, पण करतो.”

अशा माणसाच्या हाताखाली माझं काम मजेत चाललं होतं. आणि मग आमचा अभ्यास सुरू झाला.

मॅडमचं बऱ्याच वर्षांपासून मनात होतं. औषधं चालूच ठेवायची, पण त्यांच्या जोडीला रोज सकाळी कोमट पाण्यात हात बुडवून काही ठरावीक व्यायाम केले, तर आखडलेली बोटं लवकर सुटतात का? नुसतं वाटतं म्हणून चालणार नव्हतं, दाखवायला हवं होतं. एथिक्स कमिटीची परवानगी आली, बायकांनी समजून घेऊन संमतीपत्रांवर सह्या केल्या, अंगठे दिले. चिठ्ठ्या टाकून त्यांचे दोन गट केले. एका गटाला मागच्या खोलीत फिजिओथेरपिस्ट व्यायाम शिकवणार, दुसऱ्याला फक्त नेहमीची औषधं. दुसऱ्या गटाला शब्द दिला होता: अभ्यास संपला आणि व्यायामाचा उपयोग दिसला, तर तुम्हांलाही शिकवू.

कोण कोणत्या गटात हे मला माहीत नव्हतं, आणि विचारायचंही नव्हतं. माझं काम एवढंच, की दर महिन्याला प्रत्येकीला ठरलेले प्रश्न विचारायचे आणि उत्तरं लिहायची. सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात? दुखणं शून्य ते दहा यांत किती? मग कामांची यादी, हे जमतं का, ते जमतं का. ती यादी परदेशातून भाषांतर होऊन आलेली. तिच्यात एक प्रश्न होता, ‘बाथटबमध्ये उतरता येतं का?’ पेठच्या एका आजींना मी तो विचारला. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाल्या, “पण उतरायचं कशाला?”

मला त्या बायका फार आवडायच्या आणि त्यांना मी. मखमलाबादच्या सुमनमावशी तर येताना माझ्यासाठी शेवंतीची चार फुलं आणायच्या. त्यांची फुलांची शेती. पहाटे तोड, मग गाठोडं बांधून बाजार. दहा वर्षांपासून बोटं सुजलेली, तरी गजरे करायच्या. सुई धरवत नाही म्हणून केळीच्या सोपटाच्या दोऱ्यानं बांधायच्या. अशी बाई समोर बसून म्हणायची, “दुखणं का? सात आसंल,” तेव्हा माझ्यानं ते लिहवायचं नाही. मी म्हणायचे, “मावशी, मागच्या वेळी सहा होतं. आता तरी कमी असेल ना?” त्या माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, “हां, मंग पाच लिही.” मला हलकं वाटायचं. मी पाच लिहायचे.

सात महिने असे गेले. कागद बघितले की मन भरून यायचं. सगळ्यांचे आकडे खाली चालले होते. मी मनातल्या मनात अभ्यास यशस्वी करून टाकला होता. पुण्याला एक परिषद होती, मॅडम तिथे या अभ्यासावर बोलणार होत्या, आणि मला सोबत नेणार होत्या. मी नवीन ड्रेसचं कापडसुद्धा घेऊन ठेवलं होतं.

एका दुपारी पेशंट संपल्यावर मॅडमनी मला आत बोलावलं. टेबलावर दोन गठ्ठे होते. एक माझ्या प्रश्नांच्या उत्तरांचा, एक हाताची ताकद मोजायच्या यंत्राच्या आकड्यांचा. रबरी फुगा मुठीत दाबायचा आणि काटा किती सरकतो ते बघायचं, असं ते साधं यंत्र.

“यांत सगळ्यांना गुण आलाय,” पहिल्या गठ्ठ्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या. “दोन्ही गटांना. व्यायाम करणाऱ्यांना आणि न करणाऱ्यांनाही. आणि या दुसऱ्या गठ्ठ्यात मूठ जिथल्या तिथं आहे. हे कसं?”

मी दोन्ही गठ्ठे चाळून पाहिले.

त्या उठल्या, माझ्या समोरच्या पेशंटच्या खुर्चीत येऊन बसल्या. पदर डोक्यावरून घेतला. हेल्मेट नव्हतं, हे माझं नशीब. “मी सुमन. विचार.”

मला हसू आलं, पण विचारलं. “सकाळी हात किती वेळ आखडलेले असतात?” त्यांनी उत्तर दिलं. “दुखणं शून्य ते दहा यांत किती?”

मॅडमनी बोटं चोळली, खिडकीबाहेर बघितलं. “काय सांगू. सात आसंल. किंवा…”

आणि मी, कसलाही विचार न करता, रोजच्यासारखी पुढं झुकले. “मागच्या वेळेपेक्षा कमी असेल ना?”

माझं वाक्य माझ्याच कानांवर आलं. मॅडमनी डोक्यावरचा पदर काढला.

“सापडलं,” त्या म्हणाल्या.

माझे डोळे भरून आले. मी म्हणाले, “मी खोटं नाही लिहिलं. त्या म्हणाल्या तेच लिहिलं.”

“मला माहीत आहे. तू खोटं नाही केलंस, तू माया केलीस.” त्यांनी माझ्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला. “पण मायेचा आकडा होत नाही गं. उद्या हे कागद वाचून कुठला तरी डॉक्टर कुठल्या तरी बाईला सांगेल, पाणी कोमट करा, सात महिन्यांत उतार पडेल. ती करेल. उतार पडणार नाही. आणि तिला वाटेल, आपल्यातच काही खोट आहे.”

मला वाटलं, आता घरी जायला सांगतील. मी तशी तयारीही केली, पिशवी उचलली. मॅडम म्हणाल्या, “कुठं निघालीस? पत्र लिहायचंय.”

ते पत्र एथिक्स कमिटीला होतं. मॅडम सांगत होत्या आणि मी टाइप करत होते. सात महिन्यांची उत्तरं वापरता येणार नाहीत. विचारण्याची पद्धत सदोष होती. कारण, असं म्हणून त्या थांबल्या. मी माझं नाव टाइप केलं. त्यांनी मागून वाकून ते खोडलं. “विचारायचं कसं हे मी तुला शिकवलंच नव्हतं. चूक माझी आहे. लिही, प्रमुख संशोधकाची चूक.”

पुढच्या आठवड्यात त्यांनी सगळ्या बायकांना बोलावलं. दवाखान्यामागच्या अंगणात सतरंज्या टाकल्या. मॅडमनी उभं राहून सरळ सांगितलं, की तुमची उत्तरं चुकीच्या रीतीनं घेतली गेली, ती बाजूला ठेवावी लागतील, आणि ज्यांची इच्छा असेल त्यांना नव्यानं सुरुवात करावी लागेल. ज्यांना नको असेल त्यांचे उपचार आहेत तसेच चालू राहतील. मी कोपऱ्यात मान खाली घालून उभी होते.

सुमनमावशी उठल्या. उठायला त्यांना वेळ लागायचा. आधी गुडघ्यावर हात, मग भिंतीला.

“बाई, या पोरीला बोल लावू नका,” त्या म्हणाल्या. “आम्ही खोटं बोललो नाय. पण सात म्हटलं की हिचं तोंड एवढुसं व्हायचं. आम्ही बाहेर बोलायचो ना आपसात, की बाई, आज तिला जरा कमी सांगा, सकाळपासून तोंड उतरलंय पोरीचं.”

बाकीच्या बायका माना हलवत होत्या. मागून कोणीतरी म्हणालं, “मी तर एकदा तीन सांगितलं. तिचा वाढदिवस होता.”

मॅडम हसायला लागल्या. हसता हसता सतरंजीवरच बसल्या. डोळे पुसत म्हणाल्या, “म्हणजे औषध तुम्ही घेताय आणि उपचार हिच्यावर चाललेत!” सगळं अंगण हसलं. मीही रडत रडत हसले.

त्याच दिवशी त्यांनी ती बाथटबची यादी बायकांच्या पुढे ठेवली. “ही जाऊ द्या. तुमचं काय अडतं ते सांगा.” मग जे सुरू झालं ते दोन तास थांबलं नाही. नाडीची गाठ. कुकरचं झाकण. भाकरी थापणं, आणि थापलेली तव्यावर टाकणं, ही दोन वेगळी कामं आहेत असं बायकांनी बजावून सांगितलं. द्राक्षाची कात्री. ओलं लुगडं पिळणं. स्वतःची वेणी. नातवाला उचलणं. रेशनच्या दुकानातल्या यंत्रावर अंगठा दाबून धरणं. एक बाई लाजत म्हणाल्या, “टाळी वाजवणं. आरतीला सगळे टाळ्या वाजवतात आणि मी नुसते हात जोडून उभी ऱ्हाते.” मॅडमनी ते सगळ्यात वर लिहिलं.

पुण्याच्या परिषदेला आम्ही गेलोच. मला वाटलं होतं, मॅडम वक्त्यांतून आपलं नाव काढून घेतील. गाडी सिन्नरच्या पुढे गेल्यावर मी ते विचारलंही.

त्या म्हणाल्या, “माझी आई नांदगावला शाळेत शिकवायची. अक्षर असं, की फळा पुसायला शिपाई कचरायचा. मी मेडिकलला होते. सुट्टीत घरी आले की विचारायचे, ‘आई, हात कसे आहेत?’ ती म्हणायची, ‘बरं आहे.’ मला परीक्षा होत्या. मला ‘बरं आहे’ ऐकायचंच होतं, मी ऐकलं. एकदा गेले तर ती खडू मुठीत धरून लिहीत होती, लहान मुलं धरतात तसा. तोवर बोटं वाकली होती. दुखणं लवकर धरलं असतं तर ती बोटं वाचली असती.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “तुझी चूक तुझ्या एकटीची नाही. मी ती तुझ्याआधी केलीये.”

परिषदेत त्या व्यासपीठावर गेल्या आणि म्हणाल्या, “मी आज निकाल सांगणार होते. निकाल नाहीये. एक चूक सापडली आहे, ती सांगते.” आणि सगळं सांगितलं, अगदी वाढदिवसाच्या तीनसकट. सभागृह आधी हसलं, मग लोक वह्या काढून लिहायला लागले. नंतर चहाच्या वेळी एक तरुण डॉक्टर जवळ येऊन म्हणाला, “मॅडम, आमच्याकडेही असं होत असेल का?” मॅडम म्हणाल्या, “असेल का, हे मला काय विचारता? जाऊन पेशंटच्या खुर्चीत बसा.”

परत आल्यावर मॅडमनी प्रश्न विचारायला नवा माणूस शोधला. एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले एक काका. नोकरीभर त्यांनी नियंत्रण कक्षात बसून काटे वाचले होते. मॅडमनी त्यांना दोन विनोद सांगितले आणि एक रडवणारी हकिगत. काकांची भुवईसुद्धा हलली नाही. “हा माणूस!” मॅडम म्हणाल्या. काकांना कामाचं कौतुक नव्हतं. “काटा जिथं आहे तिथं लिहायचा,” ते मला म्हणाले. “त्याला कधी विचारलं नाही, बाबा रे, मागच्या तासापेक्षा कमी आहेस ना.”

मला थोडा मत्सर वाटला, हे कबूल करते. बायका आता काकांसमोर बसायच्या आणि त्या कोऱ्या चेहऱ्याकडे बघून बिनदिक्कत आठ सांगायच्या, नऊ सांगायच्या. बाहेर येऊन मला म्हणायच्या, “त्यांना कायच वाटत नाय बघ. सांगायला सोपं जातं.” ते ऐकून मला पहिल्यांदा कळलं, की माझ्यासमोर त्यांना किती जड जात असेल.

दीडएक वर्षानं निकाल हाती आला. मॅडम आणि मी शेजारी शेजारी बसून तो वाचला. व्यायाम करणाऱ्या बायकांचे हात सकाळी थोडे लवकर सुटत होते. कामांच्या यादीतली काही कामं जमायला लागली होती. दुखणं मात्र फारसं कमी झालं नव्हतं, आणि मुठीची ताकद किंचितच वाढली होती. मी मनातून हिरमुसले. एवढ्या खटाटोपातून एवढंसं? मॅडमकडे बघितलं, तर त्यांचा चेहरा उजळला होता.

“थोडंच आहे,” त्या म्हणाल्या. “पण आहे!” आणि लगेच स्कूटर काढून निघाल्या, ते थेट नाशिकच्या प्रसिद्ध कोंडाजी चिवड्याचं पोतंच… नाही, तेवढं नाही, पण पिशवी पायाशी मावेना एवढा चिवडा घेऊन आल्या. पेशंट, रिक्षावाले, शेजारच्या चष्म्याच्या दुकानातली माणसं, सगळ्यांना मुठी भरभरून वाटला. लोकांनी विचारलं, काय झालं? त्या सांगायच्या, “आमच्या बायकांची बोटं सकाळी जरा लवकर उठतात!” लोकांना काही कळायचं नाही, पण आनंद एवढा होता की ते अभिनंदन करून चिवडा खायचे.

त्यानंतर काही महिन्यांनी माझं लग्न झालं आणि मी नाशिक सोडलं. आता दुसऱ्या शहरात अशाच अभ्यासांसाठी मुला-मुलींना प्रश्न विचारायला शिकवते. पण जाण्याआधीची एक सकाळ सांगायची राहिली.

दुसऱ्या गटाला दिलेला शब्द पाळायचा होता. जानेवारीतली थंडी, नाशिकची, हातातला कप सोडवत नाही अशी. अंगणात ऊन आलं होतं. पंधरावीस घमेल्यांत कोमट पाणी वाफाळत होतं, आणि प्रत्येक घमेल्यापुढे दुसऱ्या गटातली एकेक बाई. शिकवणाऱ्या होत्या पहिल्या गटातल्या. ही कल्पना मॅडमचीच. सुमनमावशी सगळ्यांच्या पुढे, कमरेला पदर खोचून. फिजिओथेरपिस्ट बाजूला उभी राहून बघत होती, तिला कोणी काही विचारत नव्हतं.

शेवटच्या एका घमेल्यापुढे मात्र कोणी बसलं नव्हतं. मॅडमनी स्वेटरच्या बाह्या वर केल्या आणि त्याच्यापुढे बसल्या.

“बोटं पसरा,” मावशींनी हुकूम सोडला. “आता एकेक करून तळव्याला लावा. अंगठा शेवटी.” त्या घमेल्यांमधून फिरायला लागल्या. वाकून एकेकीचे हात बघत होत्या. मॅडमपाशी आल्या आणि थांबल्या.

“बाई, अंगठा आत.”

मॅडमनी अंगठा हलवला.

“आत म्हंते ना. ह्या अंगानं. हे असं.” मावशींनी पाण्यात हात घालून मॅडमचा अंगठा धरला आणि वळवला. मग त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, “बाई, तुम्ही ह्ये कधी केलंच नाय ना?”

एवढ्या वर्षांचा अभ्यास, एवढे कागद, परवानग्या, पुण्याचं भाषण. मॅडम लाजल्या. मी त्यांना लाजताना पहिल्यांदाच पाहत होते.

“नाही,” त्या म्हणाल्या. “लिहिलं होतं फक्त.”

“मंग आता शिका,” मावशी म्हणाल्या. घमेल्यातलं पाणी गार झालं होतं, ते त्यांनी पालथं केलं. दोन्ही हातांनी गरम पाण्याची बादली उचलून नवं पाणी ओतलं आणि घमेलं मॅडमच्या पुढे सरकवलं. “पहिल्यापासून.”

मॅडमनी निमूटपणे दोन्ही हात पाण्यात घातले.